संपादक मंडळात नवा सदस्य: शाल नंतर, आधी लेख हातात द्या

सांगलीच्या एसटी स्टँडवर स्वारगेटच्या गाडीची वाट बघत होतो. ओळखीचे एक गृहस्थ भेटले. चहा झाला, पावसापाण्याच्या गप्पा झाल्या आणि निघता निघता त्यांनी विचारलं, "आपलं ते नियतकालिक अजून निघतं का हो?"

मला उत्तर सुचेना. कारण ते गृहस्थ तेव्हा आमच्या संपादक मंडळाचे सदस्य होते आणि त्यांचं दुसरं वर्ष संपत आलं होतं. अंकाच्या आतल्या पानावर त्यांचं नाव छापून येत होतं. सत्कार झाला होता, शाल-श्रीफळ झालं होतं, फोटो झाला होता. त्यानंतर आम्ही त्यांना एकही लेख वाचायला पाठवला नव्हता. अंकसुद्धा बहुधा जुन्या पत्त्यावर जात असावा.

दोष सगळा आमचा. लोकप्रशासन या विषयाचं एक षण्मासिक आम्ही काही प्राध्यापक आणि काही निवृत्त अधिकारी मिळून चालवतो. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांतले लेख घेतो. कार्यकारी संपादक या भारदस्त नावाखाली मी टपाल, मेल, प्रुफं आणि मंडळींचे रुसवेफुगवे सांभाळतो. त्या चहानंतर मी नव्या सदस्याला सामावून घेण्याची एक रीत बसवली. ती इथे क्रमानं मांडतो. उदाहरणं सातारा-सांगलीकडची आहेत, कारण आमचे लेखक आणि वाचक बरेचसे इथलेच आहेत.

आधी भोक कुठे आहे ते बघा

नवा सदस्य घ्यायचं ठरलं की पहिली चर्चा नावांची होते. "अमुक सर घ्या, नाव मोठं आहे." ही चर्चा आठ दिवस पुढे ढकला. त्याआधी मागच्या दोन वर्षांत आलेले सगळे लेख एका कागदावर उतरवा. विषय कोणता, कुणाकडे वाचायला दिला, किती दिवसांनी परत आला, परीक्षण कामाचं होतं की दोन ओळींचं. आम्ही हे केलं तेव्हा निम्म्याहून जास्त लेख पंचायत राजवरचे निघाले आणि ते वाचायला पाचजण होते. नगरपालिकांच्या अर्थसंकल्पावर आलेला लेख मात्र चार महिने फिरत राहिला होता. आकडेवारीची पद्धत तपासू शकेल असं मंडळात कुणीच नव्हतं. पंचायत राजवरचा सहावा माणूस घेऊन आम्ही काय करणार होतो?

या विषयाच्या मंडळात दोन जातीची माणसं लागतात. एक, ज्यांनी हा विषय शिकवला आहे. दुसरी, ज्यांनी तो केला आहे: गटविकास अधिकारी, नगरपालिकेचे मुख्याधिकारी, जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात वर्षानुवर्षं बसलेले लोक. नुसत्या प्राध्यापकांचं मंडळ असलं की लेख सिद्धान्तांनी जड होतात. नुसत्या अधिकाऱ्यांचं असलं की अंक प्रशिक्षणाच्या पुस्तिकेसारखा दिसायला लागतो.

नाव ठरलं की माहितीपत्रक स्वतः तपासा. पोलंडमधल्या काही संशोधकांनी एका काल्पनिक बाईच्या नावानं ३६० नियतकालिकांकडे संपादक होण्यासाठी अर्ज पाठवले होते. नाव ठेवलं होतं ॲना ओ. शुस्ट. पोलिश भाषेत 'ओशुस्ट' म्हणजे ठक. माहितीपत्रक मुद्दाम पोकळ केलं होतं, संपादनाचा काडीचा अनुभव नाही. तरीही ४८ नियतकालिकांनी तिला घेतलं. ही हकीकत २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याकडे कुणी काल्पनिक माणूस पाठवत नाही, पण जोडलेली यादी न उघडता "घेऊन टाका" म्हणणारे आपणही असतो. दिलेल्या लेखांतले दोन शोधा आणि वाचा. तेवढं पुरतं.

फोन, पत्र, आणि लेखी होकार

आधी फोन. आपल्याकडे थेट पत्र गेलं तर ज्येष्ठांना ते कोरडं वाटतं आणि नुसत्या फोनवर भागवलं तर पुढे कुणालाच काही आठवत नाही. म्हणून फोनवर विचारायचं आणि त्याच दिवशी पत्र पाठवायचं. पत्रात गौरवाची वाक्यं एक-दोन, बाकी सगळा व्यवहार. आमचं पत्र साधारण असं जातं:

"आदरणीय सर, सकाळी फोनवर बोलल्याप्रमाणे हे पत्र. नगरपालिकांच्या अर्थकारणावर आमच्याकडे लेख येतात, पण ते नीट वाचणारं कुणी मंडळात नाही. हे काम आपण करावं अशी विनंती आहे. मुदत तीन वर्षांची. वर्षाला जास्तीत जास्त चार लेख, प्रत्येकी एकवीस दिवस. वर्षातून दोन बैठका, त्यातली एक समोरासमोर. मानधन नाही, प्रवासखर्च प्रत्यक्ष झालेला देऊ. जमणार नसेल तर मोकळेपणानं कळवावं, आपल्याविषयीचा आदर तसूभरही कमी होणार नाही. होकार असेल तर याच पत्राला उत्तर म्हणून लिहून पाठवावा. तो आल्याशिवाय आपलं नाव कुठेही छापणार नाही."

शेवटचं वाक्य गाळू नका. न विचारता नावं छापणारी बनावट नियतकालिकं इतकी झाली आहेत की समंजस माणूस आधी तेच तपासतो. शिवाय तो तुम्हाला उलट प्रश्न विचारेल, आणि विचारलेच पाहिजेत. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आहे का? लेखकांकडून पैसे घेता का? किती लेख नाकारता? यूजीसी-केअर यादीत, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीत, आहात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आता असं द्यावं लागतं, की ती यादीच २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली, आणि नियतकालिकाचा दर्जा ठरवायची जबाबदारी संस्थांकडे आली. म्हणजे मंडळ कोण आणि ते काम काय करतं, याला पूर्वीपेक्षा जास्त वजन आलं. हे होऊ घातलेल्या सदस्याला सांगा. माणूस सावरून बसतो.

सेवेत असलेला अधिकारी घेत असाल तर इथेच थांबा. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे शासकीय कर्मचाऱ्याला नियतकालिकाच्या संपादनात भाग घ्यायचा तर आधी मंजुरी लागते. प्रासंगिक वाङ्मयीन किंवा शास्त्रीय लेखन ही वेगळी गोष्ट. मंडळावर नाव येणं वेगळं. एका तरुण अधिकाऱ्याचं नाव आम्ही छापायला देणारच होतो, तेवढ्यात आमच्याच मंडळातल्या एका निवृत्त साहेबांनी विचारलं, "परवानगीचं पत्र फाईलला आहे का?" नव्हतं. मग अर्जाचा मसुदा आम्हीच करून दिला: काम विनामूल्य आहे, कार्यालयीन वेळेबाहेरचं आहे, कार्यालयातली कोणतीही माहिती वापरली जाणार नाही. मंजुरी येईपर्यंत त्यांचं नाव थांबवलं आणि त्यांना बैठकीला मात्र बोलावलं.

सोबत काय द्यायचं

मागचे दोन अंक, छापील. परीक्षणाचा तक्ता. वर्षाचं वेळापत्रक. लेखकांसाठीच्या सूचना. एका पानावर मंडळातल्या सगळ्यांची नावं, फोन आणि कोण काय वाचतं ते. याहून जास्त द्याल तर कुणी उघडणार नाही.

यात दोन गोष्टी मी आवर्जून घालतो. पहिली, जुनी दोन परीक्षणं, नावं पुसून. एक उत्तम आणि एक टाकाऊ. टाकाऊ परीक्षण आमच्याकडे एक जपून ठेवलेलं आहे. त्यात एवढंच आहे: "लेख चांगला आहे. भाषा सुधारावी. छापण्यास हरकत नाही." ते वाचून प्रत्येक नवा सदस्य हसतो आणि मग सहसा तसं लिहीत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे या प्रदेशाचं टिपण. पुण्या-मुंबईहून किंवा परराज्यातून सदस्य घेतला तर हे लागतंच. हा धडा आम्ही असा शिकलो. १९४०च्या दशकातल्या ग्रामन्यायावर एक लेख आला होता. बाहेरच्या एका अभ्यासू सदस्यानं परीक्षणात लिहिलं: "लेखकानं वाळवा तालुका सातारा जिल्ह्यात दाखवला आहे. ही गंभीर चूक आहे." चूक लेखकाची नव्हतीच. त्या काळी वाळवा सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्याला सांगली हे नाव मिळालं. परीक्षकाला हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि तो लेख मात्र दीड महिना लोंबकळला.

तेव्हापासून टिपणात एवढं असतं. दक्षिण साताऱ्याची ही भानगड. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार आणि त्याची गावोगावची न्यायव्यवस्था. औंध संस्थान, जिथे १९३९ मध्ये भवानराव पंतप्रतिनिधींनी राज्यकारभार लोकांच्या हाती देणारी घटना आणली. आणि हे संस्थान एकसलग नव्हतं, आजच्या सांगली जिल्ह्यातली आटपाडी आणि कुंडल त्यात होती, त्यामुळे नकाशा बघितल्याशिवाय त्यावरचा लेख वाचू नये ही सूचना. देवराष्ट्रात जन्मलेले यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आलेला जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा १९६१चा कायदा, आणि १ मे १९६२ पासून सुरू झालेल्या जिल्हा परिषदा. १९५८चा ग्रामपंचायत कायदा. ७३वी घटनादुरुस्ती, जी २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झाली. दोन पानांत सगळं बसतं. हे शिकवायला देत नाही आपण. लेखक बरोबर आहे की चूक हे ठरवताना हाताशी असावं म्हणून देतो.

बैठक कधी आणि कुठे

ही गोष्ट किरकोळ वाटते, पण निम्मी स्वागतं इथेच फसतात. मार्चमध्ये बैठक ठेवाल तर अधिकारी आणि लेखा विभागातले लोक येणार नाहीत, ३१ मार्च त्यांच्या डोक्यावर बसलेला असतो. परीक्षा आणि पेपर तपासणीच्या दिवसांत प्राध्यापक येणार नाहीत. ऑगस्टमध्ये ठेवूच नका. आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की कुणाही सांगलीकराचा एक कान बाहेर असतो, आणि २०१९च्या महापुरानंतर तर दोन्ही. आम्ही जानेवारीचा तिसरा शनिवार धरतो.

जागा कराड. साताऱ्याच्या लोकांना सांगलीला या म्हणावं तर लांब, सांगलीकरांना साताऱ्याला जा म्हणावं तर तीच तक्रार. कराड मध्ये पडतं आणि मानापमानही वाचतो. अकराला सुरू, दीडला जेवण. सांगलीचे लोक भडंग आणतात, साताऱ्याचे कंदी पेढे. हार-तुरे नाहीत. ओळख करून देताना पदव्यांची माळ वाचायची नाही, नव्या सदस्यानं स्वतः दहा मिनिटं बोलायचं, आणि विषय आम्ही आधीच दिलेला असतो: "मागच्या अंकातला कोणता लेख तुम्ही छापला नसता, आणि का?"

पहिल्या वेळी हा प्रश्न ऐकून जुनी मंडळी अस्वस्थ झाली. नवा माणूस आल्या आल्या टीका करणार? पण यात दोन फायदे आहेत. त्याला अंक वाचावा लागतो. आणि इथे स्पष्ट बोललेलं चालतं हे त्याला पहिल्याच तासात कळतं. गोड बोलायला पुढे तीन वर्षं आहेतच.

पहिला लेख

आता मुख्य काम. नाव निश्चित झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत नव्या सदस्याच्या हातात एक खरा, निर्णय न झालेला लेख पडला पाहिजे. सरावासाठी जुना लेख देऊ नका. तीस वर्षं शिकवलेल्या किंवा तीस वर्षं तालुका सांभाळलेल्या माणसाला लुटुपुटीचं काम दिलेलं लगेच कळतं.

लेख कोणता निवडायचा? उत्तम नको, त्यात सांगण्यासारखं थोडं असतं. टाकाऊही नको. ज्यात मुद्दा आहे पण पुरावा डळमळीत आहे, असा. आणि तो एकाच वेळी दोघांकडे पाठवायचा: नवा सदस्य आणि एक जुना. दोघांनी वेगवेगळं वाचायचं, परीक्षण माझ्याकडे आल्यावरच मी त्यांना एकमेकांचं दाखवतो, आणि मग तिघांचा अर्ध्या तासाचा फोन.

एक प्रसंग जवळून दाखवतो. ग्रामसभेतल्या लोकसहभागावर लेख आला होता. बारा गावांची हजेरी लेखकानं नोंदवहीतून उतरवून सुबक तक्ता केला होता आणि निष्कर्ष काढला होता की सहभाग समाधानकारक आहे. जुन्या सदस्य प्राध्यापक बाई. त्यांनी लिहिलं, सैद्धान्तिक मांडणी कच्ची आहे, सहभाग या संकल्पनेची व्याख्या नाही, संदर्भ जुने आहेत. सगळं बरोबर. नवे सदस्य निवृत्त गटविकास अधिकारी. त्यांचं परीक्षण पाऊण पानाचं होतं आणि सुरुवात अशी: "विषयांकित लेखाचे अवलोकन केले. त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करणेकामी लेखकास परत करण्यात यावा." मला हसू आलं. नोकरी सुटते, टिप्पणी सुटत नाही.

पण त्याखाली जे लिहिलं होतं ते वाचून खुर्चीत सरळ बसलो. त्यांनी तक्त्यातले आकडे नुसते ओळीनं मांडले होते: १०१, १०३, १००, १०४, १०२. पुढे लिहिलं होतं: "ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यापैकी जे कमी असेल ते. बाराशे मतदारांचे गाव असो वा तीन हजारांचे, हजेरी शंभराच्या पुढे चार-दोनच कशी? हे आकडे सहभाग मोजत नाहीत. सभा कागदावर पूर्ण व्हायला किती सह्या लागतात, ते मोजतात. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. या गावांत किती सभा तहकूब होऊन नंतर घेतल्या, हे लेखकाने पाहावे."

प्राध्यापक बाईंनी हे वाचलं आणि फोनवर म्हणाल्या, "साहेब, हा मुद्दा मला दहा वर्षांत सुचला नसता." साहेब म्हणाले, "मॅडम, मी त्या नोंदवह्यांवर सह्या केल्यात." पुढचा अर्धा तास मला बोलायची गरजच पडली नाही. लेखकानं तहकूब सभांची माहिती काढली, निष्कर्ष पार फिरला आणि लेख खऱ्या अर्थानं छापण्याजोगा झाला. साहेबांना त्या दिवशी जे वाटलं असेल ते कुठल्याही सत्कारानं वाटलं नसतं, असं मला आजही वाटतं.

परीक्षणाच्या तक्त्यात आम्ही पाचच प्रश्न ठेवले आहेत. लेखकाचा मुद्दा एका वाक्यात काय आहे? तो पुराव्यावर उभा आहे का? कायदा, नियम, शासन निर्णय यांचे संदर्भ आजच्या स्थितीला धरून आहेत का, की रद्द झालेल्या तरतुदीवर लेख लिहिलाय? लेखकानं नेमकं काय बदलावं? तुमचा निर्णय काय? नव्या सदस्याला पहिला प्रश्न सगळ्यांत अवघड जातो. मुद्दा एका वाक्यात लिहिता येत नसेल तर बहुतेक वेळा लेखातच मुद्दा नसतो, हे पहिल्या दोन-तीन परीक्षणांत त्याच्या लक्षात येतं.

मजकुरातल्या साम्याचा, म्हणजे लेख आधीच्या लिखाणाशी किती टक्के जुळतो याचा, अहवाल लेखासोबत पाठवतो, पण त्याबरोबर एक सूचना असते. २०१८च्या यूजीसी नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, म्हणून सगळ्यांचं लक्ष त्या टक्क्यावर. आपल्या विषयात शासन निर्णय आणि कायद्याची कलमं जशीच्या तशी उद्धृत करावी लागतात, त्यानं टक्का फुगतो. उलट दुसऱ्याचं इंग्रजी मराठीत आणून आपल्या नावावर खपवलं तर टक्का शून्य दिसू शकतो. आकडा बघा, पण मजकूर वाचून ठरवा.

दहाव्या दिवशी मेल न करता फोन करा. "काय झालं परीक्षणाचं?" असं विचारायचं नाही. "सर, फाईल उघडली ना नीट? अक्षरं बरोबर दिसतात ना?" एवढंच. अजून पाहिलं नसेल तर माणूस त्याच संध्याकाळी बघतो. आणि खरंच जुन्या फॉन्टमधला मजकूर त्यांच्या मशीनवर चौकोन-चौकोन दिसत असेल तर तेही कळतं. ज्येष्ठ मंडळी संकोचानं आपण होऊन सांगत नाहीत. आता आम्ही लेख युनिकोडमध्येच मागतो, आणि नव्या सदस्याला पीडीएफ वेगळी देतो.

निर्णय झाला की लेखकाला गेलेलं पत्र आणि दुसरं परीक्षण, दोन्ही नव्या सदस्याला पाठवा. आपण लिहिलेल्याचं पुढे काय झालं, हे बऱ्याच ठिकाणी परीक्षकाला कधीच कळत नाही. चार लेख वाचून कसलाच निरोप नाही, तर पाचवा तो का वाचेल?

नाव गुप्त ठेवणं, इथल्या इथे

लेखकाला परीक्षक कळू नये आणि परीक्षकाला लेखक, ही पद्धत ऐकायला सोपी आहे. दोन जिल्ह्यांत ती पाळणं महाकठीण. "जत तालुक्यातील पाणीपुरवठा योजनांचं व्यवस्थापन" असं शीर्षक वाचलं की कुणाच्या मार्गदर्शनाखाली हे काम चाललंय ते निम्म्या मंडळाला ठाऊक असतं. म्हणून नव्या सदस्याला आम्ही स्पष्ट सांगतो: लेखक ओळखू आला तर लपवू नका, मला कळवा. त्याच्याशी नातं, भावकी, गुरु-शिष्य संबंध किंवा जुनं भांडण असेल तर लेख परत करा. भांडण लोक सांगायचं विसरतात, म्हणून ते नाव घेऊन विचारतो. आपण ज्या कार्यालयात काम केलं त्याच कार्यालयावर लेख असेल तर अधिकारी सदस्यानं अभिप्राय द्यावा, मतदान करू नये.

आमची एक फजिती सांगतो, म्हणजे तुमची टळेल. नव्या सदस्यानं वर्डच्या फाईलमध्ये बाजूला टिपा लिहून पाठवल्या. मी ती फाईल तशीच लेखकाकडे ढकलली. प्रत्येक टीपेच्या डोक्यावर सदस्याचं पूर्ण नाव! संध्याकाळी लेखकाचा त्यांना फोन: "सर, पान सातवरची टीप जरा कडक झाली." तेव्हापासून फाईल पुढे जाण्याआधी तिच्या माहितीतलं नाव पुसायचं, टिपांवरचं नावही काढायचं, शंका असेल तर टिपा नव्या फाईलमध्ये उतरवून पाठवायच्या. हे काम माझं. सदस्यावर सोपवू नये. आणि परीक्षणाला आलेला लेख कुठल्याही एआय साधनात टाकायचा नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही.

नाव छापून आल्यावर येणारे फोन

याची तयारी कुणी करून घेत नाही. अंकावर नाव आलं की त्याच आठवड्यात सदस्याला फोन सुरू होतात. प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या हिशोबात मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांतल्या एका शोधनिबंधाला दहा गुण धरतात. त्यामुळे फोनवरचं वाक्य ठरलेलं: "सर, फाईल अडलीय, तेवढा एक पेपर बघा ना." फोन करणारा सहसा वाईट नसतो, अडलेला असतो. नव्या सदस्याला नाही म्हणणं जड जातं, कारण समोरचा मेहुण्याचा सहकारी किंवा जुना विद्यार्थी असतो.

त्याला आम्ही एक वाक्य पाठ करून देतो: "लेख कार्यालयाच्या मेलवर पाठवा, माझ्याकडे आला तर मला वाचता येणार नाही, कारण आपली ओळख आहे." खरं आहे, सभ्य आहे, आणि फोन तिथेच संपतो. मग त्यानं मला कळवायचं, मी नोंद ठेवतो. नोंद ठेवल्यामुळे पुढे कुणी कुणावर संशय घेत नाही.

अंकातलं नाव आणि परिचय

नावांचा क्रम आडनावाप्रमाणे ठेवा. ज्येष्ठतेप्रमाणे लावायला गेलात तर त्यात एक बैठक जाते आणि एक माणूस. नाव मराठीत आणि इंग्रजीत कसं लिहायचं ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. आईचं नाव मध्ये घालणारे, आडनाव बदललेल्या स्त्रिया, 'डॉ.' नको म्हणणारे, सगळे असतात. ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा जागतिक ओळख क्रमांक, असेल तर घ्या, नसेल तर काढून द्या, पाच मिनिटांचं काम आहे.

परिचय साठ-सत्तर शब्दांचा. त्यात पुरस्कार नकोत. ते मंडळासाठी काय वाचणार आहेत ते हवं, म्हणजे त्या विषयाच्या लेखकांना दार कुठे आहे ते कळतं. छापण्याआधी प्रूफ त्यांना दाखवा. एकदा आम्ही 'निवृत्त' हा शब्द सेवेत असलेल्या बाईंच्या नावाआधी छापला होता. त्यांनी मनावर घेतलं नाही, त्यांच्या कार्यालयानं घेतलं.

सहा महिन्यांनी

पहिल्या सहा महिन्यांनंतर मी भेटायला जातो. शक्य नसेल तर निवांत फोन. तीनच गोष्टी विचारतो. लेख तुमच्या विषयाचे येतात का? एकवीस दिवस पुरतात का? आमचं काय खटकलं? तिसऱ्याचं उत्तर पहिल्या झटक्यात कधीच येत नाही, "छे छे, सगळं उत्तम" असंच येतं. गप्प राहायचं आणि चहा मागवायचा. दुसऱ्या कपाला येतं.

एका सदस्यांनी अशाच वेळी सांगितलं की त्यांना परीक्षण करण्यापेक्षा नव्या लेखकांबरोबर बसून मजकूर नीट करायला आवडतं. आता ते तेच करतात, आणि तालुक्याच्या ठिकाणी शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापकांचे लेख पूर्वीपेक्षा बरे येतात. जे सहा महिन्यांत एकही लेख वाचत नाहीत त्यांना मी सल्लागार मंडळात जायचं सुचवतो. तिथे नाव राहतं, कामाची अपेक्षा राहत नाही. बहुतेकांना हायसं वाटतं.

मुदत संपलेल्या सदस्याला कळवायचं पत्र नव्याच्या निमंत्रणाआधी गेलं पाहिजे. आमच्याकडे एकदा उलटं झालं आणि ज्यांची जागा भरली त्यांना ती बातमी नव्या अंकातून कळली. ते पत्र आता मी नोव्हेंबरमध्येच पाठवतो, सोबत त्यांनी वाचलेल्या लेखांची यादी जोडून. एसटी स्टँडवरच्या त्या गृहस्थांसाठी तशी यादी करता येत नव्हती. म्हणून त्यांची मुदत एक वर्षानं वाढवली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना नगरपालिकेच्या पाणीपट्टी वसुलीवरचा एक लेख पाठवला. एकविसाव्या नव्हे, नवव्या दिवशी परत आला, चार पानं भरून.